एन्दो-सानच्या घराचं काय करायचं

भाडेकरू ठेवू नये, हे माझं मत आहे आणि ते कुणाच्या बापाला बदलता यायचं नाही. पुण्यात कर्वेनगरला आमचा फ्लॅट आहे. आम्ही जपानला आलो तेव्हापासून त्याला कुलूप. माझे दीर उल्हासभाऊजी दिवाळीच्या आधी जाऊन जळमटं काढतात आणि फोनवर मला ऐकवतात, "वहिनी, चार पैसे तरी सुटले असते." सुटले असते हो, आणि त्यांच्याबरोबर फ्लॅटही सुटला असता. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. माझ्या मामांचा भाडेकरू मामांच्या तेराव्याला पानावरून उठला, पण घरातून काही उठला नाही. तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय.

त्यामुळे एन्दो-साननी मला विचारलं, की शुभा-सान, माझ्या घरात राहायला दोन परकी माणसं येतो म्हणतायत, काय करू, तेव्हा मी एका श्वासात सांगितलं, "अजिबात नाही!"

एन्दो-सान म्हणजे एन्दोबाई, आमच्या समोरच्या इमारतीतल्या आजी. आम्ही त्सुकुबाला संशोधकांच्या वसाहतीत राहतो. माझे यजमान श्यामकांत इथल्या संस्थेत धातूंवर काम करतात. मी त्यांच्या पगारावर आणि आठवड्यातून दोनदा भारतीय स्वयंपाक शिकवण्यावर. समोरची इमारत सरकारनं रिकामी केली होती. दोन हजार अकराच्या भूकंपानंतर तिकडे फुकुशिमात अणुभट्टीचा अपघात झाला, गावंच्या गावं उठली, आणि त्यातली काही कुटुंबं ह्या रिकाम्या इमारतीत आली. एन्दो-सान नवऱ्याबरोबर आल्या. दोन-चार दिवसांत परत जाऊ म्हणून अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेली माणसं. नवरा इथेच गेला. बाई राहिल्या.

आमची ओळख भांडणातून झाली. मी तेलाची बाटली न धुता प्लास्टिकच्या कचऱ्यात टाकली होती. ह्या बाई ती पिशवी उचलून थेट माझ्या दारात! "ही तुमची ना?" असं म्हणून बाटली कशी धुवायची, झाकण कुठल्या दिवशी टाकायचं, सगळं उभ्याउभ्या ऐकवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात. पण दुसऱ्या दिवशी रागाच्याच भरात मी त्यांना डबाभर बटाट्याची भाजी नेऊन दिली, आणि डबा परत आला तो मुळ्याच्या लोणच्यानं भरून. डबा रिकामा परत करायचा नाही हे ह्यांच्यातही आहे म्हटल्यावर मी म्हटलं, चला, बाई आपल्यातली आहे.

तर घराची गोष्ट. सहा वर्षांनी, म्हणजे दोन हजार सतराच्या वसंतात, एन्दो-सानचं गाव उघडलं. किरणोत्सर्ग लागलेली माती खरवडून झाली, राहायला हरकत नाही असं सरकारनं सांगितलं. गेलं कोण? मूठभर म्हातारी माणसं. एन्दो-सानचे गुडघे गेलेले, दवाखाना डोंगरापलीकडे, एकटीनं राहायचं कसं? आता दोनच वाटा होत्या. वर्ष संपायच्या आत अर्ज केला तर घर सरकारी खर्चानं पाडून देणार होते. नाहीतर ओसाकाचं एक तरुण जोडपं होतं, त्यांना गावात येऊन फुलांची शेती करायची होती. ते घर मागत होते.

"भेटायला आले होते," एन्दो-सान म्हणाल्या. "केक घेऊन. खूप गोड बोलतात."

"बोलणारच," मी म्हटलं.

"परकी बाई माझ्या स्वयंपाकघरात उभी राहणार. माझ्या सासूनं मला जिथे उभं केलं, तिथे. त्यापेक्षा पाडलेलं बरं."

"अगदी बरोबर!" मी म्हटलं, आणि भटाच्या ओसरीची म्हण जपानीत करून सांगितली, की भिक्षुकाला व्हरांडा दिला की तो पाय पसरतो. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "आमच्या देवळातले भिक्षुक तसे नाहीत हो." कपाळ माझं.

श्यामकांत मात्र माझ्यावर उखडले. "तू कशाला मध्ये बिब्बा घालतेस? घर त्यांचं, गाव त्यांचं."

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

"तुझ्या मामांचा भाडेकरू फुकुशिमापर्यंत पोचवलास म्हणजे!"

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एन्दो-सानही ठाम होत्या. अर्जावर शिक्का मारून झाला होता, पोस्टात टाकायचा तेवढा राहिला होता. पण तेवढा काही त्या टाकत नव्हत्या. रोज खाली मुळ्याच्या वाफ्यात दिसायच्या, उपटलेली जागाच पुन्हा उपटताना. माझाच जीव वरखाली व्हायला लागला. चांगलं हसतं बोलतं, सगळ्यांवर खेकसणारं माणूस, आणि आता कचऱ्यात कुणी काय टाकलं तरी तोंडातून शब्द नाही.

डिसेंबरात चोवीस तारखेला श्यामकांतनी एका मुलाला जेवायला आणलं. मुलगा म्हणजे तिशीतला, त्यांच्या प्रयोगशाळेतला पोलंडचा तोमाश. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी एकटा खोलीत बसून काय करणार, म्हणून. सगळं जपान त्या दिवशी तळलेल्या कोंबडीसाठी रांगेत उभं असतं. हा म्हणाला, आमच्यात आज मटण-कोंबडी चालत नाही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, अरे, मग तू बरोबर घरी आलास. वरणभात, कढी, भरली वांगी. त्यानं स्वतः करून आणले होते पिएरोगी, म्हणजे आपल्या उकडलेल्या करंज्याच, आत कोबी.

जेवायला बसताना त्यानं एक ताट जास्तीचं मागितलं आणि रिकाम्या खुर्चीपुढे मांडलं. आता ज्या पानावर कुणी बसणार नाही, त्या पानाचा आपल्याकडे एकच अर्थ होतो. मला भरूनच आलं. म्हटलं, बिचाऱ्याच्या घरी कुणीतरी गेलंय, आणि हा परदेशात त्यांचं पान वाढतोय. मी ते ताट पहिलं वाढलं. सगळे पदार्थ, कडेला दही. आणि बाल्कनीत जाऊन "काव काव" करायला लागले. त्सुकुबात कावळ्यांना तोटा नाही, कचऱ्याच्या जाळ्या फाडायला पहाटेपासून हजर असतात मेले. पण दिवेलागणीला कावळा कुठला यायला!

"शुभा-सान," तोमाश मागून हळूच म्हणाला, "तुम्ही कुणाला बोलावताय?"

श्यामकांत हसूनहसून खुर्चीवरून पडायचे बाकी होते. मग उलगडा झाला. त्यांच्याकडे त्या संध्याकाळी एक पान अवचित येणाऱ्या वाटसरूसाठी मांडून ठेवतात. दाराशी जो येईल त्याला बसवायचं. आणि बरोबर तेव्हाच बेल वाजली.

दारात एन्दो-सान, हातात माझा डबा. "डबा द्यायला आले होते, निघते," वगैरे त्यांचं नेहमीचं सुरू झालं. पण तोमाश उठला आणि हात धरून त्यांना घेऊन आला. म्हणाला, आज तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. मी धावत जाऊन ते ताट उचललं. पितरांचं पान जिवंत माणसाला कसं द्यायचं? दुसरं वाढलं. एन्दो-सान बसल्या.

तोमाशचं जपानी यथातथाच, एन्दो-सानना इंग्रजी येत नाही. मधे मी. त्यानं विचारलं, गाव कुठलं. त्यांनी सांगितलं. तिथलं घर पाडतेय, हेही सांगितलं. घासाबरोबर सांगावं तसं. तो खाता खाता थांबला.

"मी ज्या घरात जन्मलो," तो म्हणाला, "ते घर आमचं नव्हतं."

मग त्यानं जे सांगितलं, ते मी जपानीत तसंच्या तसं एन्दो-सानना सांगत गेले.

त्याचं गाव नदीकाठी. नदीच्या अलीकडे पोलंड, पलीकडे जर्मनी. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मात्र दोन्ही काठ जर्मनीचेच होते, आणि गावात सगळे जर्मन. विणकरांचं गाव. एक चर्च, एक शाळा, लिंडनची झाडं. युद्ध संपलं आणि मोठ्या लोकांनी ठरवलं, आता ह्या काठावर पोलंड. तोमाशची आजी तेव्हा सोळा वर्षांची. तिचं घर होतं पार दुसऱ्या टोकाला, पूर्वेला. तो भाग रशियाकडे गेला म्हणून तिथून ह्यांना उठवलं, गाडीत घातलं आणि ह्या नदीकाठी आणून सोडलं. एक गाय आणि एक ट्रंक. हातात कागद दिला, हे घर तुमचं. दार उघडलं तर आत जर्मन कुटुंब जेवत बसलेलं.

"अगंबाई!" माझ्या तोंडून मराठीच निघालं.

एक हिवाळा दोन्ही कुटुंबं त्याच घरात राहिली. एकच चूल. आधी ह्यांचं भांडं चढायचं, मग त्यांचं. जर्मन घरात एक मुलगी होती, ग्रेटा, आजीहून थोडी लहान. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघींना एकमेकींचा राग येत होता. वसंतात जर्मन लोकांना हुकूम झाला, निघा. ग्रेटाच्या आईनं जाताना स्वयंपाकघर झाडून काढलं. झाडू जागेवर ठेवला. आणि गेली.

"झाडून गेली?" एन्दो-साननी विचारलं.

"हो. माझी आजी ते अजून सांगते."

एन्दो-साननी स्वतः काय केलं असेल निघताना, ते मी विचारलं नाही. मला धीर झाला नाही.

"मग पुढे?" मी म्हटलं. मला आता राहवत नव्हतं.

पुढे पंचवीस वर्षं त्या गावात कुणी छपराची कौलं बदलली नाहीत. झाड लावलं नाही. आजीची ट्रंक दाराशीच, भरलेली. जर्मन उद्या परत आले तर? घर कागदावर आपलं, पण मनातून कुणाचंच नाही. तोमाशचे वडील लहानपणी त्या ट्रंकेवर बसून अभ्यास करायचे. आणि मग सत्तरच्या पुढे दोन्ही देशांचा समझोता झाला, येणंजाणं सुरू झालं, आणि एका दुपारी दाराशी गाडी थांबली. ग्रेटा! चाळिशीची बाई, उंच टाचांचे बूट. सगळं गाव पडद्याआडून बघतंय. आजी उंबऱ्यात, हाताची घडी घालून. आता ही घर मागणार.

मला सांगायला लाज वाटत नाही, मी मनात म्हणत होते, अजिबात आत घेऊ नकोस गं बाई!

ग्रेटानं घराकडे बघितलंच नाही. ती गेली अंगणातल्या नाशपातीच्या झाडाकडे. आणि ओरडली, "हे कोण छाटतं? मारून टाकाल झाडाला! करवत आणा!" आजीला मोडकंतोडकं जर्मन येत होतं. ती उलटून ओरडली, "पंचवीस वर्षं ह्याची पानं मी झाडतेय, आणि तू आत्ता येतेस शिकवायला?" बाई बूट काढून शिडीवर चढली. ही खालून फांद्या ओढतेय. दुपारभर दोघी भांडत होत्या. कुठली फांदी ठेवायची, कुठली नाही. मग अंधारलं तशी आजीनं तिला सूप दिलं. तेही तिला आवडलं नाही, म्हणाली, आई ह्यात बडीशेप घालायची.

"सासूच की ती!" मी म्हटलं.

"ती गेल्यावर आजी आजोबांना म्हणाली," तोमाश म्हणाला, "घर परत मागायला आलेला माणूस गोड बोलतो. ही भांडली. म्हणजे ही घरचीच आहे. ती ट्रंक माळ्यावर टाका आता. आणि पुढच्या वर्षी आमच्या छपराची कौलं बदलली."

मी हे जपानीत सांगितलं. श्यामकांत माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे मुद्दाम बघितलं नाही.

एन्दो-साननी विचारलं, "ती परत आली?"

"दर वर्षी. मरेपर्यंत. आणि दर वर्षी भांडली. आता आजी म्हणते, घरात मला बोलणारं कुणी उरलं नाही."

एन्दो-साननी कढी संपवली. मग वाटी खाली ठेवून, वाटीलाच सांगावं तसं म्हणाल्या, "पाडलं तर मी बोलणार कुणाला?"

अर्ज काही पोस्टात गेला नाही. नववर्षाला त्यांनी ओसाकाच्या त्या जोडप्याला फोन केला, घर देते म्हणून. मी बाजूलाच होते. म्हटलं, निदान अकरा महिन्यांचा करार तरी करा हो! त्यांनी मला हातानं गप्प बसवलं.

पण गोष्ट इतकी सरळ नव्हती. फोनवर त्या इतक्या मऊ बोलत होत्या, की मला ती आमची बाटलीवाली बाई ओळखूच येईना. पलीकडून ती मिहो, म्हणजे त्या जोडप्यातली बायको, तीही तशीच. आपली कृपा, आपले उपकार, आपल्याला त्रास. ती दोघं घरात राहायला गेली तरी महिनोन् महिने हेच. एन्दो-सान फोन ठेवून म्हणायच्या, "चांगली माणसं आहेत," आणि चेहरा बघावा तर पडलेला. एकदा मला म्हणाल्या, "शुभा-सान, दिलं मी घर. आता ते गेलं."

मेमधल्या सुट्टीत श्यामकांतनी गाडी काढली आणि आम्ही दोघं त्यांना घेऊन गेलो. डोंगर हिरवेगार, आणि वाटेत शेतांच्या कडेला खरवडलेल्या मातीच्या काळ्या पोत्यांचे ढीग. गावात एखाददुसऱ्या घराला पडदे, बाकी सगळं बंद. एन्दो-सानच्या घरापुढे मात्र कपडे वाळत होते. रंगीत, तरुण माणसांचे. ते बघून त्या गाडीतून उतरेचनात. मी हात दिला.

आपल्याच घराच्या दारात त्यांनी "आत येऊन त्रास देते हं," म्हटलं. परक्या घरी जाताना म्हणतात ते. मिहोनं कमरेतून वाकून स्वागत केलं. तिचा नवराही वाकला. आम्हीही वाकलो. एन्दो-सान जमिनीवर मांडलेल्या पाहुण्यांच्या उशीवर बसल्या, अगदी कडेला. चहा आला. "किती छान ठेवलंय," ह्या म्हणाल्या. "नाही नाही, आपलं घरच छान," ती म्हणाली. मला तर रडू यायला लागलं. माझ्याही मनात आलं, ह्यापेक्षा पाडलेलं बरं होतं.

मग मिहो मागच्या अंगणातली फुलं दाखवायला उठली. मागचं सरकतं दार लाकडी, फुगलेलं. तिनं ओढलं, सरकेना. दोन्ही हातांनी ओढलं.

"अगं तसं नव्हे!"

मी दचकले. आवाज एन्दो-सानचा, पण बोली वेगळीच. त्यांच्या गावची. इतक्या वर्षांत त्सुकुबात मी ती त्यांच्या तोंडून ऐकलीच नव्हती. "आधी उचल! उचल, मग ढकल! मोडशील दार माझं!"

एन्दो-सानचा हात तोंडावर गेला. माफी मागायला त्या वाकणार, तेवढ्यात मिहोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"आल्यापासून हे उघडत नाहीये," ती म्हणाली. "आम्ही घराला वळसा घालून मागे जातो. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, तक्रार करतात. घर देऊन चूक केली असं वाटलं असतं."

"वेडी की काय!" एन्दो-सान गुडघ्यांवर हात देत उठल्या. तिच्या मागे उभ्या राहिल्या, तिच्या हातांवर हात ठेवले. "अशी. कमरेत जोर दे. माझी सासूसुद्धा असंच उघडायची." दार वर उचललं गेलं आणि सरकलं.

त्यानंतर काय विचारता! बाईंच्या तोंडाचा पट्टा जो सुटला तो सुटला. सोयाबीनच्या लोणच्याचं भांडं उन्हात का ठेवलं? ही फुलं इथे लावलीत? दुपारी इथे डोंगराची सावली येते, बघितलं नाही का? मिहोनं आधी "हो, हो" केलं, आणि मग तिचंही डोकं फिरलं. "त्या फळीवर ठेवलं तर माझा हात पोचत नाही!" "मग स्टूल घे! मी काय उंच आहे?" स्वयंपाकघरात, सासूनं दाखवलेल्या त्याच जागी, दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या राहून वाद घालत होत्या.

"भांडतायत," श्यामकांत माझ्या कानात म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. "नीट चाललंय सगळं." इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

निघताना मिहोचा नवरा मागचं दार लावून कडी घालायला लागला. एन्दो-सान बूट घालत होत्या, तिथूनच ओरडल्या, "कडी लावू नकोस. ह्या दाराला आम्ही कधीच कडी लावली नाही."

"रानडुकरं येतात आता, एन्दो-सान," मिहो म्हणाली. "गाव रिकामं होतं ना."

"येऊ देत. मी आले आणि दार बंद असलं तर?"

"तर हाक मारा की," मिहो म्हणाली. "आम्ही आहोत ना घरात."

एन्दो-साननी हातातला बूट पायात चढवला. मग नाक ओढलं आणि म्हणाल्या, "बरं. लाव मग कडी."